पहिल्या रांगेत उभे राहा

सावेडी, अहिल्यानगर
१२ जानेवारी २०२६

अश्विनीच्या बाबांना जयभीम.

लंकावन्संच्या हाती पाठवलेलं पत्र मिळालं. मी तुमचा नंबर बंद करून ठेवलाय, म्हणून तुम्हाला कागद घ्यावा लागला. अक्षर अजून चांगलं आहे तुमचं. इथं थंडी कडक आहे. अश्विनी बरी आहे. गच्चीवर कुंड्यांत मेथी लावली होती, ती छान उगवलीय.

तुमचं बायपासचं ऑपरेशन नीट झालं, हे कळलं. खोकला आला की छातीशी उशी घट्ट धरा, टाक्यांना आधार मिळतो. उठताना हातांवर जोर देऊ नका. पायातली नस काढलीय, तो पाय सुजेल, घाबरू नका. मला हे सगळं पाठ आहे.

तुम्ही लिहिता, ‘घरी ये, माझं करायला कुणी नाही. झालं गेलं विसरून जाऊ.’ काय झालं आणि काय गेलं, ते मात्र पत्रात कुठंच नाही. मग मीच लिहिते.

तुम्ही साखर कारखान्यातून निवृत्त झालात, त्याचं जेवण होतं घरी. माझी छाती सकाळपासून दुखत होती. ‘गॅस झालाय, ओवा खा,’ म्हणालात. दुपारी मी चुलीपुढंच आडवी झाले. अश्विनी जेवणासाठी आलेली होती, म्हणून तिनं गाडीत घालून मला नगरला आणलं. तुम्ही पाहुण्यांना वाढायला थांबलात. माझंही बायपास झालं. दवाखान्यात एकदाच आलात, काचेतून पाहिलंत आणि राहात्याला परत गेलात.

टाके ओले असताना मी घरी आले. मला टेकायला मऊ उशी हवी होती, म्हणून वन्संनी कपाट उघडलं. उशीच्या मागं माझा फोटो होता. मोठा केलेला, काचेत बसवलेला, चंदनाच्या पट्ट्यांचा हार घातलेला. खाली छापलं होतं, ‘कालकथित जयमाला भीमराज साळवे’. जन्माची तारीख होती. तिच्यापुढं रेघ आणि रेघेपुढं मोकळी जागा.

वन्सं गडबडल्या. म्हणाल्या, “वहिनी, मनावर घेऊ नका. ऐन वेळी धावपळ नको म्हनून दादानं करून ठेवलाय.”

तुम्ही दारातच उभे होतात. “डॉक्टरांनीच भरवसा दिला नव्हता,” म्हणालात. मग फोटोकडं बघून, “चांगला आलाय. राहू दे, फेकू नको.”

दुसऱ्याच दिवशी तुम्ही अश्विनीला फोन केलात. मी पडद्यामागं पडून होते, मला सगळं ऐकू येत होतं. “मोडलीच हाय आता ती. हितं कोन बघनार? तू घेऊन जा.”

तशी मी इथं आले. महिनाभर भिंतीकडं तोंड करून पडले. मग अश्विनीनं मला पंकजा मॅडमकडं नेलं. त्या हृदयाच्या पेशंटना व्यायाम शिकवतात. ताई ची नावाची चिनी कसरत आहे. धावायचं नाही, उचलायचं नाही. गुडघे सैल ठेवायचे, अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचा आणि हात पाण्यातून फिरवल्यासारखे सावकाश फिरवायचे. पहिल्या दिवशी मी खुर्चीला धरून उभी राहिले आणि रडले. पायांखाली जमीन आहे, हेच मला पटत नव्हतं.

त्यात एक प्रकार ढकलण्याचा आहे. दोन्ही तळवे छातीपासून हळूहळू पुढं न्यायचे. तो करताना माझे दात आवळले जायचे, खांदे वर चढायचे.

मॅडमनी विचारलं, “काकू, कुणाला ढकलताय?”

“एका माणसाला.”

त्या हसल्या नाहीत. “मग सावकाश ढकला. रागानं ढकललं तर तुमचाच तोल जाईल.”

मी सावकाश ढकलायला शिकले. रोज पहाटे बागेत तुम्हाला ढकलत राहिले. श्वास लांब झाला. दम न लागता जिना चढायला लागले. डॉक्टर म्हणाले, औषधं नीट घेतली म्हणून. घेतलीच, पण अंथरुणातून मला तुम्ही उठवलंत. हिचं आता काही खरं नाही, असं तुम्ही गावभर सांगितलंत ना, ते खोटं पाडायचं होतं. वर्षभरानं मॅडमनी मला नवीन लोकांपुढं उभं केलं, आणि आता मी शिकवते.

तुम्हाला अटॅक आल्याचं वन्संनी सांगितलं, तेव्हा मी बागेतच होते. वाईट वाटलं, असं लिहायला हवं. पण तसं झालं नाही. मला हसू आलं, आणि ते मी दाबलंही नाही. संध्याकाळी अश्विनीनं विचारलं, “आई, जाणार का?” त्यावर मी पोटभर जेवले, एवढंच.

तर मी घरी येणार नाही. तुमचं पथ्य, तुमच्या गोळ्या, तुमचे कपडे माझ्याकडून होणार नाहीत.

पण मी राहात्याला येतेय. पुढच्या महिन्यापासून दर रविवारी विहाराच्या अंगणात पंकजा मॅडमचा वर्ग भरणार आहे आणि तो मी घेणार आहे. अंगण तुमच्या दारासमोरच आहे, चालवत नाही, असं निमित्त सांगता येणार नाही. उतरेन ती वन्संकडं. त्यांना विचारलंय, त्या हो म्हणाल्या. तुमच्या डॉक्टरांनीही टाके भरले की तुम्हाला पाठवायचं कबूल केलंय.

याला माफी समजू नका. तुम्ही जावं असं मला वाटत नाही. गेलेल्या माणसाला काही दिसत नाही, आणि तुम्हाला खूप वर्षं बघायचंय. ज्यांच्यापुढं तुम्ही मला मोडीत काढलंत, ते सगळे येणार आहेत. त्यांच्यादेखत मी सांगेन तसा पाय उचलायचा, मी सांगेन तेव्हा श्वास सोडायचा. पहिल्या रांगेत उभे राहा. दम लागला तर खुर्ची देईन, पाणी देईन, इतरांना देते तेवढंच.

आणखी एक. वर्गात मला कुणी नुसत्या नावानं हाक मारत नाही, अगं-तुगं करत नाही. सगळे ज्या नावानं बोलावतात, त्याच नावानं तुम्हालाही बोलवावं लागेल. सवय व्हावी म्हणून खाली लिहून देते.

जयमालाताई