मामाचा कॉम्प्युटर आन् जीपचे कडक पाटे

कमलनगर,
बसवजयंतीच्या दुसऱ्या दिशी

बसवप्रभु अण्णांना धाकट्या अंबिकाचं शरणु शरणार्थी. वैनी बऱ्या हायत का, पुण्याचं पाणी मानवलं का? इकडं आमी जित्ते हाव, ते बी तुमच्या पाव्हण्याच्या, मंजी आमच्या ह्यांच्या, कृपेनं न्हाई.

अण्णा, लोकायचे मामा बारशाला पाळणा आणतात, तुमी जुना कॉम्प्युटर आणलाव. (पाळण्यात लेकरू तरी निजतं.) वर गाड्या पळवायचं गेम घालून दिलाव. तवापासून जीपवरून आले की हे त्याच्यापुढंच. त्यात म्हणं गाडीचं वजन दिसतंय, स्प्रिंग कडक-मऊ करता येतंय. ह्यांनी जड गाडी घेतली, ती मऊ स्प्रिंगवर बूड घासायली, वळणाला कलंडायली. कडक केली की पहिला नंबर. झालं. दुसऱ्या दिशी मल्लप्पा मिस्त्रीकडून आपल्या खऱ्या जीपच्या मागच्या कमानीला, मंजी स्प्रिंगलाच, दोन लोखंडी पाटे जास्तीचे घालून आले. मिस्त्रीनं इचारलं कामून, तर मनले, कॉम्प्युटरमदी बगितलंय.

जीप सवाऱ्यांनी भरून जाते तवा काई न्हाई. आत माणसं, टपावर माणसं, मागं लोंबणारे येगळे, पाटे दबून बसतात. पण खेड्यावरून रिकामी येताना ती जीप न्हाई, सुटलेलं कोकरू हाय. दुसरा कुणी असता तर त्यानं पाटे काढले असते. ह्यांनी वजन वाढवलं. ज्वारीचं पोतं टाकलं, पुरंना, मग सासूबाईला बसवलं. (त्या खुशीत हायत, नवं लुगडं नेसून फुकट फिरायल्यात.) तेवढ्यानं बी भागंना मनून मी आन् लेकरू. मला तोंडावर मनले, "तू बसलीस की मागचं चाक रोडवर राहतंय." ह्याच्यासाठी लगीन करून आणलेत व्हय मला?

परवा नाल्याच्या पुलावर जीप उडाली आन् लेकरू माझ्या मांडीवरून सुटलं, अण्णा. सासूबाईच्या पदरात पडलं मनून वाचलं. ते हासायलं, मी त्याचं डोकं, हातपाय चाचपायले, आन् हे फुडून इचारायलेत, चाक उचललं का गं. तवापासून मी जीपमदी बसले न्हाई, ह्यांच्याशी बोलले न्हाई. डोळा मिटला की लेकरू हवेतच दिसतंय.

तुमी या आन् तुमचं ते खोकं उचलून न्या. न्हाई तर चुलीत घालते, आन् लेकराला मामाच न्हाई मनून सांगते.

रागानं, पण पाया पडून,
अंबिका

ता.क. खोकं न्यायला येऊ नका. हे जीपवर गेले की मीच त्याच्यापुढं बसून बगितलं. सगळ्यात हलकी गाडी घेतली, ह्यांचीच कडक स्प्रिंग ठिवली, तर आपल्या जीपसारखीच उडायली. मऊ केली, गप चालली. अबोला न मोडता ह्यांना दाखवलं तर मनले, बाईला गाडीचं काय कळतंय. तवा तुमी फोन करून तुमच्या तोंडानं सांगा, जास्तीचे पाटे काढा, माणसं कमी भरा, पुण्यात सगळे असंच करतात. माझं नाव काढू नका. (मोबाइल ह्यांच्याच खिशात असतोय, मनून कागद लिहायले.)

अजून एक. कागद भेटल्या भेटल्या फोन करा. सासूबाई मनायल्यात, सून बसंना तर न्हाई, नातवाला मीच घेऊन बसते. तवर मी लेकरू पाठीला बांधूनच भाकरी थापायले, मागून कुणी उचलून नेलं तर कळावं मनून.