दोरी आणि मोटर

वारजे, पुणे
ऑगस्ट २००३

तीर्थरूप आईस,

वैजनाथचा नमस्कार. मी खुशाल आहे. डबा चांगला मिळतो. भुशाने खोकला येतो, पण नाकाला फडकं बांधतो, काळजी नको.

सध्या हिंजवडीच्या एका कॉम्प्युटर कंपनीसाठी लेथवर लाकडी पेनं करतोय. लाकूड आफ्रिकेचं, काळंभोर. पाण्यात टाकलं तर बुडतं. आपली बाभूळ त्यापुढे मऊच.

माझ्या पेनांवर मात्र बारीक वळ उमटत होते. मालक म्हणाले, "मोटर एकाच बाजूला फिरते, मग तू पटाशी मधेच का उचलतोस?" मला पत्ताच नव्हता. घरी बाबांच्या हातलेथची दोरी तू ओढतेस तेव्हा लाकूड एकदा पुढे, एकदा मागे फिरतं, आणि मागे फिरताना पटाशी उचलावीच लागते. हात अजून तसाच चालतो. मालकांना हे सांगितलं तर म्हणाले, "इथे आई नाही, वीज आहे."

हाताची सवय सुटेल. तुझा खांदा कसा आहे, ते खरं कळव. बाबांची दोरी अजून तूच ओढतेस ना?

या लाकडाने मोटर तापते. तापली की मालक तासभर बंद ठेवतात. एवढं बाबांना मोठ्याने वाचून दाखव.

तुझा,
वैजनाथ