त्रेपन्न कार्डं

खलिफा सिटी, अबू धाबी
१६ फेब्रुवारी २०२५

ती. दादा,

नमस्कार. आम्ही सगळे मजेत. उल्हासचं मुसफ्फातलं वर्कशॉप जोरात चाललंय. वहिनीचा गुडघा कसा आहे?

आज अस्मीबद्दल लिहायचंय. काल युनिव्हर्सिटीत तिचं प्रेझेंटेशन होतं. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत टॉफीच्या पाकिटातून बेसबॉल खेळाडूंची कार्डं मिळायची. त्यातलं एक फार दुर्मीळ. जगात त्याच्या प्रती आज किती उरल्या असतील, हे आपल्या अस्मीनं शोधलं! कार्डं तपासणाऱ्या कंपनीच्या यादीत नव्वद आहेत. पण जास्त चांगला शेरा मिळावा म्हणून लोक तेच कार्ड पुन्हा पाठवतात आणि ते पुन्हा मोजलं जातं. अस्मीनं तीस वर्षांच्या लिलावांचे फोटो जमवले. दुमडलेला कोपरा, शाईचा ठिपका, डाग बघून एकेक कार्ड ओळखलं. चार महिने मीही शेजारी बसून फोटो जुळवले. वेगळी अशी एक्केचाळीसच निघाली. तीच ती कार्डं किती वेळा विकायला येतात, त्यावरून न दिसलेल्यांचं गणित तिनं मांडलं. एकूण अंदाज, त्रेपन्न.

समोर एक म्हातारे अमेरिकन संग्राहक होते. "अशक्य," ते म्हणाले, "ऐंशीच्या खाली नाहीत." अस्मीनं शांतपणे तीन वेगवेगळ्या लिलावांतले फोटो पडद्यावर लावले. तिन्हींत खेळाडूच्या कानाशी तोच ठिपका. म्हातारबुवा उठून पडद्याजवळ गेले, बघतच राहिले. मग म्हणाले, "हे कार्ड माझ्याकडे आहे," आणि स्वतःच टाळ्या वाजवायला लागले. सगळा हॉल त्यांच्यामागून.

दादा, मेडिकलच्या मुलीला हे कुठून सुचलं, असं तुला वाटलं असेल. अस्मी मेडिकलला नाही. पहिल्या वर्षानंतरच तिनं ते सोडलं. दोन वर्षं मी तुझ्याशी खोटं बोलले. तू तुझ्या हॉस्पिटलात तिच्यासाठी केबिन राखून ठेवलीस, मग मला धीरच झाला नाही.

काल हॉलबाहेर इथल्या मराठी मंडळातल्या पर्णिकानं विचारलं, "काय गं, डॉक्टर होतेय ना ही?" अस्मीनं मान खाली घातली. माझं उत्तर तिला पाठ होतं.

"नाही," मी म्हटलं, "ती स्टॅटिस्टिक्स शिकते. आत्ता टाळ्या पडल्या ना, त्या तिलाच."

"यू सेड इट, आई," अस्मी पुटपुटली. गाडीपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही.

माझ्यावर हवं तेवढं रागाव. पण आधी तिला फोन कर, आणि तिनं काय केलं ते तिच्याच तोंडून ऐक.

अस्मीची आई,
सविता