बाब क्रमांक एक : नारळ, एक नग

दिनांक : २१ जून १९७६

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता साहेब,
रस्ते व मोऱ्या विभाग क्रमांक सात,
सोलापूर.

विषय : कुंभारी येथील मोरीच्या अंदाजपत्रकातील नारळ मंजूर होऊन मला प्रशिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र मिळणेबाबत.

संदर्भ : सदर नारळाबाबत आपल्या कार्यालयाची आजवरची नऊ पत्रे.

महोदय,

आपला वेळ मोलाचा आहे हे जाणून मी हा अर्ज तीन वेळा लहान केला. तरी तो एवढा राहिला, याबद्दल सुरुवातीलाच क्षमा मागतो.

१. मी तंत्रनिकेतनाच्या स्थापत्य शाखेत दुसऱ्या वर्षाला असून दिनांक ३ मे ते १२ जून असे सहा आठवडे आपल्या अंदाजपत्रक शाखेत विद्यार्थी प्रशिक्षणार्थी होतो. रस्ता अथवा मोरी बांधण्याआधीच तिला माती किती उपसावी लागेल, खडी किती, माणसे किती व खर्च किती, हे कागदावर सांगून टाकायचे, असे या शाखेचे काम आहे. साहेब, हे काम मला फार आवडले. इतके आवडले की चौथ्या आठवड्यात मी घरी भाकरीच्या पिठाचे घनफळ काढू लागलो. थोरल्या बहिणीच्या लग्नात मांडवाला दोन बांबू जास्त लागल्याचे मी भर पंगतीत सिद्ध केले, तेव्हा वडिलांनी मला पानावरून उठवले. तरीही माझा उत्साह कमी झाला नाही, हे नम्रपणे नमूद करतो.

२. शाखाप्रमुख श्री. ईश्वरप्पा बिराजदार साहेब यांनी पहिल्याच दिवशी मला शिकवले की, जागेवर जे जे लागते ते सर्व अंदाजपत्रकात आले पाहिजे व ज्या क्रमाने लागते त्याच क्रमाने आले पाहिजे. पुढे त्यांनी कुंभारीच्या शिवारातील ओढ्यावरची तीन नळ्यांची मोरी मला स्वतंत्रपणे दिली. मी तीन दिवस सायकलने जाऊन साखळी टाकली, मापे घेतली व तेथील मुकादम धोंडिराम यांना कामाचा क्रम विचारला. त्यांचे उत्तर जसेच्या तसे देतो : "आदी नारळ. नारळ फुटल्याबिगर हितं एक बी टिकाव पडत न्हाय, सायेब. मग खोदाई, मग तुमचं काय आसंल ते."

तो नारळ आजवर कोणत्या बाबीत धरला जात असे, असेही मी विचारले. कोणत्याच नाही, मुकादम आपल्या खिशातून आणतात, असे समजले. ही अंदाजपत्रकातील मोठीच चूक आहे असे वाटून मला अत्यानंद झाला. प्रशिक्षणाच्या तिसऱ्याच आठवड्यात आपल्याला चूक सापडावी, याहून मोठे भाग्य ते कोणते? सबब मी लिहिले : "बाब क्रमांक एक. कामारंभी फोडण्यासाठी नारळ, शेंडीसह, पुरवठा करणे व जागेवर फोडणे, सर्व मजुरीसह, पूर्ण." बाब क्रमांक दोन खोदाई. श्री. बिराजदार साहेबांनी बेरीज तपासली. बेरीज बरोबर असल्याने त्यांनी सही केली व अंदाजपत्रक वर गेले.

३. पहिले पत्र २९ मे रोजी आले. सरकारी दरसूचीत नारळ नाही, तरी त्याचा दर कोठून घेतला, याचा खुलासा व तीन दरपत्रके मागितली होती. मी बाजारात गेलो. दोन दुकानदारांनी दरपत्रके दिली. तिसऱ्या दुकानाच्या मालक अक्कम्मा यांनी मात्र काम कशाचे आहे हे विचारले व म्हणाल्या, "रोडच्या नारळाचं पैसं घ्यायचं नसतंय की. घिऊन जा तसंच." मी ते दरपत्रकावर तसेच लिहून त्यांचा अंगठा घेतला.

यावर लेखाशाखेने कळवले की, तिन्हींत सर्वांत कमी दर शून्य असल्याने तोच स्वीकारणे भाग आहे, परंतु शून्य दराची बाब ही बाबच होत नाही, आणि बाब नसेल तर नारळ घेता येत नाही. काहीतरी दर सांगावा म्हणून मी अक्कम्मा यांच्याकडे पुन्हा गेलो. माझी अडचण त्यांनी शांतपणे ऐकून घेतली व म्हणाल्या, "मग दोन घिऊन जा."

४. मी वाहतुकीतील तूटफूट पाच टक्के धरली होती. खडीला, विटांना, नळ्यांना धरतात म्हणून धरली. त्यामुळे नारळाची संख्या १.०५ झाली. आपल्या कार्यालयाने विचारले की उरलेला ०.०५ नारळ कोठे साठवणार व त्याची नोंद कोणत्या नोंदवहीत होणार. हा प्रश्न मला इतका बिनतोड वाटला की मी तो घरी सर्वांना वाचून दाखवला. सुधारित तक्त्यात मी तूटफूट काढून टाकली. तेव्हा नवे पत्र आले की, सदर वस्तू फुटण्यासाठीच आणावयाची असल्याने तूटफूट पाच टक्के नसून शंभर टक्के आहे.

५. नंतर साहित्य चाचणीचा प्रश्न आला. नियमाप्रमाणे मोरीत येणाऱ्या प्रत्येक साहित्याचा नमुना प्रयोगशाळेत गेला पाहिजे. मी अक्कम्मा यांच्याकडील एक नारळ कापडात बांधून, लाखेची मोहोर लावून पाठवला. अहवाल सोबत जोडला आहे. त्यातील मजकूर : "नमुना एकाच आघातात भंगला. पाणी धरून ठेवण्याची क्षमता आघातापूर्वी समाधानकारक, आघातानंतर शून्य. सबब सदर साहित्य मोरीच्या कामास अयोग्य."

साहेब, हा अहवाल वाचून मी आपल्या कार्यालयाच्या व्हरांड्यात मोठ्याने हसलो. शिपायाने मला बाहेर काढले ते योग्यच केले. परंतु नारळ एका घावात भंगला याचा अर्थ तो उत्तीर्ण झाला, असे माझे नम्र मत आहे. नमुन्याचे अवशेष परत मागितले असता प्रयोगशाळेने ते "चाचणीत खर्च झाले" असे कळवले.

६. पुढील पत्रात फुटलेल्या नारळाच्या खोबऱ्याची वजावट मागितली होती. जुनी मोरी पाडली की तिच्या दगडांची किंमत वजा करतात, तसे खोबरे वजा करावे किंवा त्याचा जाहीर लिलाव करावा. मी उत्तर दिले की खोबरे प्रसाद म्हणून वाटले जाते. त्यावर वाटपाचा तक्ता, प्रत्येक मजुराला मिळालेल्या तुकड्याचे माप व पोच, असे मागवण्यात आले.

शेवटी मला युक्ती सुचली. प्रत्येक अंदाजपत्रकात किरकोळ व अनपेक्षित खर्चासाठी थोडी रक्कम असते. नारळ त्यात टाकावा, अशी विनंती मी केली. नववे पत्र आले : "आपण नारळ लागणार असल्याचे यापूर्वीच लेखी कळविले आहे. सबब तो अनपेक्षित मानता येत नाही." या वाक्यापुढे मी हात टेकले. सहा आठवड्यांत मी पुष्कळ शिकलो, पण एवढे सुंदर वाक्य मला लिहिता येणार नाही.

७. आता मूळ अडचण. बाबी अनुक्रमाने व्हाव्यात असा नियम असल्याने बाब क्रमांक एक मंजूर होईपर्यंत बाब क्रमांक दोन ते एकोणीस मंजूर असूनही सुरू करू नयेत, असा आदेश निघाला. बावीस मजूर १४ जूनपासून ओढ्याकाठी बसून राहिले. अंदाजपत्रक अपूर्ण म्हणून माझे प्रशिक्षण अपूर्ण, आणि प्रशिक्षण अपूर्ण म्हणून प्रमाणपत्र नाही. दिनांक २५ जूनपर्यंत तंत्रनिकेतनात प्रमाणपत्र दाखल न केल्यास तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळत नाही. माझे वडील गिरणीत कामाला आहेत. वर्ष बुडाले तर मला मागावर घालीन, असे त्यांनी सांगितले आहे व ते बोललेले करतात. मला मागावर जायचे नाही, साहेब. मला अंदाजपत्रके करायची आहेत. हे मी हात जोडून, अगदी मनापासून लिहीत आहे.

८. श्री. बिराजदार साहेबांना माझी दया आली. त्यांनी स्वतः मसुदा करून दिला की, "नारळ चुकून दाखल झाला असून त्याची आवश्यकता नाही." त्यावर मी व मुकादमांनी सही करावी, की प्रमाणपत्र त्याच दिवशी. मी त्यांचे पाय धरले व शनिवारी, १९ तारखेला, तो कागद खिशात घालून सायकलने कुंभारीला गेलो. अर्ध्या वाटेपर्यंत मी शीळ घालत होतो.

मजूर लिंबाखाली बसले होते. मी कागद वाचून दाखवला. शालन नावाच्या मजूर बाई उठून पुढे आल्या. त्यांचे म्हणणे देतो, कारण ते मला विसरता येत नाही : "कागदावर आमी निस्तं आकडं असतोय. गडी बारा, बाया आठ. आमचं म्हननं म्हनून एवडी एकच गोष्ट लिवली तुमी. अन् तीच खोडाया आलाव व्हय?"

साहेब, मी सही केली नाही. मला करता आली नाही. नारळ चुकून दाखल झालेला नाही, मी तो विचारून, मोजून, आनंदाने दाखल केला आहे. सदर कागद सहीविना परत जोडत आहे.

९. यानंतर जे घडले ते लपवत नाही. त्या सर्वांनी मिळून एक नारळ आधीच आणून ठेवला होता. तो त्यांनी माझ्या हातात दिला. सरकारी कागदावर ज्याने लिहिला त्यानेच फोडावा, असे सर्वांचे मत पडले. मला असा कोणताही अधिकार नाही हे मी सांगितले. त्यांनी ऐकले नाही व खरे म्हणजे मलाही ते ऐकले जाऊ नये असेच वाटत होते.

नारळ पहिल्या घावात फुटला नाही. दुसऱ्यातही नाही. प्रयोगशाळेने आपल्या अहवालात तशी दुरुस्ती करावी. तिसऱ्या घावात फुटला, माझ्या पायजम्यावर पाणी उडाले, बाया हसल्या आणि त्याच क्षणी बारा टिकाव एकदम जमिनीत गेले. तो आवाज ऐकून मी नाचलो. कोणत्या प्रकारे नाचलो याचे मोजमाप उपलब्ध नाही. खोदाईचे काम उक्ते असल्याने मजुरीचा हिशेब मोजमापावर होईल, त्यात कोणाचे नुकसान नाही. मंजुरीआधी काम सुरू झाले हा दोष मात्र संपूर्ण माझा आहे. श्री. बिराजदार साहेब, मुकादम व मजूर यांचा नाही. त्याबद्दल जी शिक्षा असेल ती मला द्यावी, फक्त ती २५ तारखेनंतर द्यावी.

१०. काल रविवारी मी टेप घेऊन जाऊन प्रत्यक्ष मापे घेतली. प्रमाणपत्रात आपल्याला एवढेच लिहायचे आहे की या विद्यार्थ्याला अंदाज बांधता येतो किंवा येत नाही. ते ठरवण्यासाठी माझा अंदाज व प्रत्यक्ष काम यांचा तक्ता देतो आणि निर्णय आपल्यावर सोडतो :

खोदाई : अंदाज १४.४० घनमीटर, प्रत्यक्ष १४.६५ घनमीटर. फरक ०.२५. (ओढ्याच्या बाजूला माती ढासळली.)

मजूर : अंदाज वीस, प्रत्यक्ष बावीस. फरक दोन.

मुरूम : अंदाज सहा गाड्या, प्रत्यक्ष सात. फरक एक. (एक गाडी चिखलात उलटली.)

नारळ : अंदाज एक नग, प्रत्यक्ष एक नग. फरक : निरंक.

आपला नम्र व अद्याप प्रमाणपत्र नसलेला,
शिवयोगी गुरप्पा हत्तुरे
विद्यार्थी प्रशिक्षणार्थी, अंदाजपत्रक शाखा

सोबत :
(१) दरपत्रके, तीन. पैकी एक शून्याचे, अंगठ्यासह.
(२) प्रयोगशाळेचा अहवाल.
(३) "चुकून दाखल झाला" असा कागद, सहीविना.
(४) प्रसादाच्या वाटपाचा तक्ता, बावीस सह्या व अंगठे.
(५) खोबऱ्याचा एक तुकडा, कागदात गुंडाळून. साहेबांचा वाटा म्हणून शालनबाईंनी तो वेगळा काढून ठेवला होता. कृपया हा नमुना समजू नये. खावा.