संबंध तोडल्याची जाहिरात

प्रिय दादा,

तू निवडून आलास आणि सैन्याने संसदच बंद केली. तेव्हापासून तू जंगलात आहेस, एवढंच कळतं. पत्ता नाही, म्हणून हे पत्र माझ्याकडेच राहील.

मागच्या आठवड्यात सैनिक आले. "मुलाशी संबंध तोडल्याचं पेपरात छापा, नाहीतर घराला सील," म्हणाले.

बाबा मंडालेला पेपरच्या कचेरीत गेले. मी सोबत होते. कारकुनाने विचारलं, "कारण काय लिहू?"

"तो निवडून आला," बाबा म्हणाले.

"काका, असं छापलं तर दोघंही आत जाऊ. सगळे लिहितात तेच लिहितो. आईवडिलांचं ऐकत नव्हता."

"माझं ऐकूनच तर उभा राहिला होता."

कारकुनाने नेहमीचंच कारण लिहून कागद पुढे सरकवला. बाबांनी सही केली.

जाहिरात आली. घर राहिलं. आई रडली नाही, मीही नाही. आम्ही जेवलो.

काल वॉर्डाचा अधिकारी घरातली माणसं तपासायला आला. "मुलं किती?"

बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ही एकच."

त्यांचा आवाज जरासुद्धा कापला नाही. अधिकाऱ्याला बसायला सांगून मी चहा टाकायला आत गेले.

तुझी बहीण,
निलार