तिसरी हाक

बंगळूर, ऑगस्ट २००३

ती. आईस,
स्वप्नाचा इथूनच वाकून नमस्कार.

परेशदादाला इथल्या इस्पितळात आराम पडतोय, दोन्ही वेळा नीट जेवतो. हा डोक्याचा आजार घराण्यात रक्तातून उतरतो का, याचा डॉक्टर शोध घेताहेत, म्हणून माझंही रक्त घेतलं. मला काही झालेलं नाही, उगाच घाबरू नकोस.

बाबांचा खोकला कसा आहे? वाडीतले केळीचे घड कापले का?

दादाला हाका ऐकू यायच्या, तेव्हा तू म्हणायचीस, "तिसऱ्या हाकेशिवाय ओ देऊ नये. भुताला तिसरी हाक मारता येत नाही."

आई, काल दुपारी मी खोलीत एकटीच होते. तुझ्या आवाजात मला तीन हाका आल्या.

मी अजून ओ दिलेली नाही.

तुझीच,
स्वप्ना