फ्रेंडलीत कीपरची खरी पारख होते

४ जुलै.
गोदामाच्या फुटबॉल संघाचा सराव सुरू. लीगसाठी वीसच नावं जातात आणि आम्ही बरोबर वीस आहोत. म्हणजे चिंता नाही. शिवाय गोलकीपर चाळिशीतच पिकतो. कोचसरांनी विचारलं, गुडघा काय म्हणतो? फर्स्ट क्लास, म्हटलं. बाकावरून उठताना कॅप्टनचा हात धरला, तो निव्वळ आपुलकीने.
संकल्प : पहाटे पळणे. साखर बंद.

५ जुलै.
पळणं रद्द. बूट ओले.

९ जुलै.
पहिली फ्रेंडली, म्हणजे लीगआधीची सरावाची मॅच, बँकवाल्यांशी. चार गोल खाल्ले. पहिल्याला डोळ्यांवर ऊन, दुसऱ्याला आमचे बॅक झोपलेले, तिसरा वाऱ्याने नेला. चौथ्याचं कारण शोधतोय. फ्रेंडलीत हरलेलं बरं, सीझनआधीच सगळे दोष बाहेर पडतात. बायको म्हणाली, मग आता आत काही उरलं नसेल.
सर कॅप्टनला म्हणत होते, एखादा कीपर बघायला हवा. कोणासाठी, ते ऐकू आलं नाही.

१४ जुलै.
दुसरी फ्रेंडली. मला पूर्ण वेळ बाकावर ठेवलं. ताकद राखून ठेवताहेत. गोलमध्ये आमचा दुसरा कीपर, विशीतला, उंच; सगळे त्याला शिडी म्हणतात. म्हणाला, काका, चुकलो तर ओरडा हं. ओरडलो. त्याने वळून माझ्याकडे बघितलं, तेवढ्यात गोल झाला. अनुभव कमी पडतो, दुसरं काय.

१५ जुलै.
साखर चालू. अशक्तपणा वाटत होता.

२१ जुलै.
तिसरी फ्रेंडली, छापखान्याशी. त्यांचा कीपर आलाच नाही. सर म्हणाले, आमचा एक घ्या, आणि थेट माझ्याकडे बोट! छापखान्याचा कॅप्टन म्हणाला, दुसरा नाही का? विनोदी माणूस.
त्यांचा शर्ट पोटावर तंग झाला, पण खेळलो काय! एक पायाने अडवला, दोन पोटाने, एक तर पाठ वळलेली असताना. आमच्याच फॉरवर्डांना शेवटपर्यंत एक गोल करता आला नाही. शून्य-शून्य. सर दोन्ही हातांनी डोकं धरून बघत होते. भारावले होते. निघताना म्हणाले, आज सीझनचं चित्र स्पष्ट झालं.
जागा पक्की. बायको गुडघ्यावर बर्फ धरून म्हणाली, चित्र कसलं ते विचारलंस का? बिचाऱ्या शिडीचं काय होणार, या काळजीने झोप नाही.

२५ जुलै.
सरांनी बाजूला घेतलं. म्हणाले, अरे, तुझ्यासमोरही यांना गोल करता येत नाही, म्हणजे लीगमध्ये काय दिवे लावणार? म्हणून बाहेरून फॉरवर्ड आणलाय. चांगला आहे.
एका अर्थी माझ्या खेळामुळेच संघाला फॉरवर्ड मिळाला.
मग आपण एकवीस झालो ना, म्हटलं. सर म्हणाले, नाही, वीसच.
घरी बायकोला सांगितलं आणि टोमण्याची वाट बघत बसलो. तिने नुसतं पाणी आणून दिलं.